हात उघडणे : मांगा-चित्रण आणि कलास्वादाचे शिक्षण

१

चित्रकलेचा आस्वाद शिकविता येतो किंवा नाही, याविषयी आपल्याकडील चर्चेत दोन मते वारंवार आढळतात. एका मताप्रमाणे रसिकता ही उपजत असते. ती असली तर शिक्षणाची आवश्यकता नाही आणि नसली तर शिक्षणाचा उपयोग नाही. दुसऱ्या मताप्रमाणे श्रेष्ठ कलाकृतींचे सान्निध्य, कलेच्या इतिहासाचा अभ्यास आणि परिभाषेचे ज्ञान यांच्या योगाने ती संपादन करता येते. ही मते परस्परविरुद्ध दिसत असली, तरी त्यांच्या मुळाशी एक गृहीत समान आहे. दोहोंतही रसिक हा केवळ पाहणारा असतो. त्याच्या हाताला काही काम असते असे कोणी मानीत नाही.

हे गृहीत कितपत टिकते, याची परीक्षा प्रस्तुत लेखात जपानमधील ‘मांगा’ या चित्रप्रकाराच्या आधारे करावयाची आहे. मांगा म्हणजे कुमारवयीन वाचकांच्या करमणुकीची चित्रकथा, एवढीच समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. त्या चित्रांवरून वहीत आकृती उतरवीत बसणारा विद्यार्थी आपल्या परिचयाचा असतो आणि त्याच्या या उद्योगाकडे आपण एकतर काणाडोळा करतो, नाहीतर ‘हे सोडून खरी चित्रे पाहा’ असा उपदेश करतो. या उपदेशात चित्र पाहणे आणि चित्र उतरविणे यांची जी फारकत गृहीत धरलेली आहे, ती तपासून पाहण्यासारखी आहे.

२

‘मांगा’ या शब्दातील पहिल्या अक्षराचा अर्थ स्वैर, मोकाट, हाताला येईल तसे असा आहे. दुसऱ्याचा अर्थ चित्र. हा शब्द पूर्वीही वापरात होता. परंतु त्याला कीर्ती मिळाली ती कात्सुशिका होकुसाई (१७६०–१८४९) याच्या ग्रंथमालेमुळे. १८१२ साली होकुसाई नागोया येथे आपला शिष्य माकी बोकुसेन याच्या घरी राहिला असता त्याने तीनशेंहून अधिक रेखाटने केली. त्यांतून सिद्ध झालेला पहिला भाग १८१४ मध्ये नागोयाच्या एइराकुया या प्रकाशनसंस्थेने छापला. तो इतका लोकप्रिय झाला की, एका पुस्तकाच्या जागी अखेर पंधरा भाग झाले. शेवटचे तीन होकुसाईच्या मृत्यूनंतर निघाले आणि पंधरावा भाग प्रसिद्ध होण्यास १८७८ साल उजाडले.

या ग्रंथात कथा नाही. कुस्तीगीर, सुतार, स्नान करणारी माणसे, पक्षी, मासे, लाटा, देवदेवता, भुते, घरांचे सांधे आणि पावसात धावणारे वाटसरू ही सर्व त्यात शेजारीशेजारी मांडलेली आहेत. छपाईसाठी काळी शाई, करडी छटा आणि फिकट गुलाबी रंग एवढेच साहित्य वापरलेले आहे. ही चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी काढलेली नव्हती. जपानीत ज्याला ‘एदेहोन’ म्हणतात, त्या वर्गातील, म्हणजे शिकाऊ व्यक्तीने समोर ठेवून गिरवावयाच्या कित्त्यांच्या वर्गातील हा ग्रंथ आहे. याच १८१२ साली होकुसाईने वर्तुळे व सरळ रेषा यांच्या आधारे आकृती कशा उभाराव्यात हे सांगणारी एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली होती. तात्पर्य, मांगा या शब्दाला ज्या ग्रंथाने प्रतिष्ठा मिळवून दिली तो मुळात कलाशिक्षणाचा ग्रंथ होता.

त्याच्या शीर्षकाला जोडलेली चार अक्षरे या दृष्टीने महत्त्वाची आहेत. ‘देन्शिन काइशु’ ही ती अक्षरे होत. पहिल्या दोहोंचा अर्थ वस्तूतील चैतन्य पोहोचविणे. उरलेल्या दोहोंचा शब्दशः अर्थ हात उघडणे, म्हणजे नवशिक्याच्या हाताला वळण लावणे. चैतन्य आणि हात ही दोन टोके येथे एकाच बिरुदात बांधलेली आहेत. सहाव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये श्ये ह याने चित्रकलेची जी सहा तत्त्वे सांगितली, त्यांतही पहिले तत्त्व प्राणस्पंदनाचे आणि शेवटचे पूर्वसूरींच्या चित्रांच्या अनुकरणाचे आहे. पौर्वात्य परंपरेत अनुकरण ही प्रतिभेच्या विरोधी गोष्ट नव्हती. प्रतिभेपर्यंत नेणारी ती एक वाट होती. आपल्या विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्रानेही रसिकांची प्रतवारी लावताना आचार्यांची पसंती रेषेला दिली आहे आणि रंगांची समृद्धी सामान्य जनांच्या आवडीत घातली आहे. रेषेची पारख इतकी वरची का, याचे उत्तर तेथे दिलेले नाही. माझ्या मते ते असे आहे : रंग नुसत्या डोळ्यांनी भोगता येतो, परंतु ज्याच्या हाताने कधी रेषा ओढून पाहिली आहे, त्यालाच रेषेतील वेग, दाब आणि संयम यांचा प्रत्यय येतो.

३

उदाहरणार्थ, मांगाच्या तिसऱ्या भागातील ‘चिमणी-नृत्या’ची पाने घ्यावीत. टोपी घातलेल्या नर्तकांच्या अनेक लहान आकृती पानावर विखुरलेल्या आहेत. भोवताली घर नाही, जमीन नाही, प्रेक्षकही नाहीत. चेहऱ्यांना फारसे महत्त्व नाही. सर्व अर्थ कोपर, कंबर आणि गुडघा यांच्या वळणांत साठविलेला आहे. नुसते पाहणाऱ्यास हे पान प्रथम पुनरुक्त वाटते. तेच उतरवू लागले की लक्षात येते, की कोणत्याही दोन आकृतींत शरीराचा भार एकाच ठिकाणी नाही. प्रत्येक आकृती एका क्षणाची असून तिच्यात आधीच्या क्षणाचा शेवट आणि पुढच्या क्षणाचा आरंभ सूचित आहे. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही जी लयतत्त्वे मांडली, त्यांचा येथे अनुभव येतो. परंतु तो येतो हाताच्या द्वारा. आठव्या भागातील लठ्ठ आणि कृश माणसांची पानेही अशीच आहेत. एकीकडे लांब, गोलाकार रेषा आणि दुसरीकडे तुटक, हाडे दाखविणारी रेषा : विनोद शारीरिक व्यंगात नसून रेषेच्या या स्वभावभेदात आहे, हे गिरविणाऱ्याला सांगावे लागत नाही.

अनुकरणाने ही दृष्टी येते असे म्हटल्यावर एक रास्त आक्षेप उभा राहतो. अनुकरणाने उसनवारीची सवय लागत नाही काय? याचे उत्तर जपानी चित्रांच्या युरोपातील प्रवासातच मिळते. फ्रेंच कलावंत फेलिक्स ब्राकमाँ याने १८६६ साली भोजनपात्रांच्या एका संचावर पक्षी, मासे, कीटक व वनस्पती यांची जी चित्रे योजली, त्यांतील कित्येक होकुसाईच्या मांगातून व इतर जपानी चित्रांतून सरळ उचललेली आहेत. आकृती एका बाजूला ठेवून उरलेली जागा मोकळी सोडण्याचे धाडस त्याने जपान्यांकडून घेतले, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. तथापि पात्रांवरील पक्षी हा होकुसाईने पाहिलेला पक्षी आहे. ब्राकमाँने पाहिलेला नव्हे.

व्हॅन गॉगचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. १८८७ साली पॅरिसमध्ये त्याने हिरोशिगेच्या मुद्राचित्रांवरून तैलरंगात प्रतिकृती केल्या; त्यांच्या कडांना स्वतःस न समजणारी जपानी अक्षरेही रंगवली. या प्रतिकृती मांगावरून केलेल्या नाहीत. परंतु प्रश्न तोच आहे. पुढील वर्षी आर्ल् येथे बोरूच्या लेखणीने त्याने माँमाजूरच्या टेकडीवरून दिसणाऱ्या सपाट शेतांची रेखाचित्रे काढली. त्यांत जपानी म्हणावा असा एकही विषय नाही. गवतासाठी एक खूण, नांगरटीसाठी दुसरी, दूरच्या शेतासाठी केवळ ठिपके, अशा खुणांच्या वैविध्याने सारे पठार श्वास घेऊ लागते. ही चित्रे जपानी दिसत नसली तरी आपल्या हातून झालेली कदाचित सर्वांत जपानी कृती हीच, अशा आशयाचे त्याने आपल्या एका चित्रकार मित्राला कळविले होते. १८८७ ची प्रतिकृती आणि १८८८ चे रेखाटन यांमधील अंतर हेच उसनवारी आणि प्रेरणा यांमधील अंतर होय. मात्र पहिली पायरी वगळून दुसरी गाठता आली असती, असे दिसत नाही.

अशा अभ्यासाचा एक धागा महाराष्ट्रातूनही गेलेला आहे. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतील पुष्कळशा लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. १९१६ साली रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आलेले जपानी चित्रकार आराई काम्पो (१८७८–१९४५) यांनीही अजिंठ्यात प्रतिकृती केल्या. त्या १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत तोक्यो येथे जळाल्या. पुढे १९४० पासून होर्यूजी मठातील भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींच्या कार्यात हेच काम्पो सहभागी झाले. अजिंठ्याशी ज्यांचे नाते अभ्यासक सांगतात, ती ही भित्तिचित्रे होत. अजिंठ्याची त्यांची चित्रे तोवर राख झाली होती. अजिंठ्याच्या रेषेवर वळलेला हात मात्र होर्यूजीच्या भिंतीसमोर उभा होता. अनुकरणाचे फळ कागदावर जेवढे उरते तेवढेच नसते, हे यावरून ध्यानात यावे.

४

आता आजच्या मांगाकडे वळणे आवश्यक आहे. येथे एक ऐतिहासिक सावधगिरी बाळगली पाहिजे. होकुसाईपासून आजच्या चित्रकथेपर्यंत एकच अखंड परंपरा वाहत आली, असे सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. वस्तुस्थिती तशी सरळ नाही. आधुनिक अर्थाने हा शब्द रूढ करण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्या किताझावा राकुतेन (१८७६–१९५५) याचे शिक्षण योकोहामातील एका इंग्रजी नियतकालिकाच्या पाश्चात्त्य व्यंगचित्रकाराच्या हाताखाली झाले. १९०५ साली त्याने काढलेल्या ‘तोक्यो पक्’ या नियतकालिकाच्या नावातच पाश्चात्त्य नमुना दिसतो. तेझुका ओसामु (१९२८–१९८९) याच्या विशाल डोळ्यांच्या आकृतींमागे अमेरिकन चलच्चित्रांचे, विशेषतः डिस्नेचे, ऋण आहे आणि ते त्याने स्वतः मान्य केलेले आहे.

या तपशिलाचा आस्वादाशी निकटचा संबंध आहे. मोठे डोळे आणि टोकदार केस म्हणजेच मांगा, असे समजून जो विद्यार्थी तेवढेच गिरवितो, तो जपानी दृष्टीचे अनुकरण करीत नसून एका अनुकरणाचे अनुकरण करीत असतो. तेझुकाकडून घ्यावयाचे ते निराळेच आहे. १९७२ ते १९८३ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘बुद्ध’ या दीर्घ चित्रकथेत माणसे थोडक्या, गोल रेषांनी काढलेली आहेत, तर अरण्ये, पर्वत आणि नगरे पुष्कळदा सूक्ष्म तपशिलाने भरलेली आहेत. जवळजवळ खुणेइतके साधे असलेले माणूस आणि दाट निसर्ग यांच्या या विरोधामुळे मानवी दुःख एकाच वेळी क्षुद्रही वाटते आणि आपलेही वाटते. हे साधताना लेखणीने कोठे थांबावयाचे, हा निर्णय प्रत्येक चौकटीत नव्याने घेतलेला आहे. इनोउए ताकेहिको याने १९९८ पासून ‘व्हॅगाबाँड’ ही मियामोतो मुसाशी या खड्गवीराची कथा रेखाटली आणि तिच्या ओघात निबाची लेखणी बाजूला ठेवून कुंचला हाती घेतला. कुंचल्याची रेषा खोडता येत नाही. एकदा उचललेल्या तलवारीप्रमाणे ती पूर्ण करावी लागते. विषय आणि साधन यांची अशी सांगड ज्याला जाणवते, त्याला रूप आणि आशय यांच्या अभेदाचा सिद्धांत वेगळा शिकवावा लागणार नाही.

मांगा हा धंदेवाईक प्रकार आहे. साप्ताहिकांच्या मुदती आणि साहाय्यकांचे हात यांवर तो चालतो. म्हणून त्यात कलामूल्य शोधणे व्यर्थ आहे, असे कोणी म्हणेल. परंतु होकुसाईची ग्रंथमालाही खपली म्हणूनच वाढली. निर्मितीच्या आर्थिक परिस्थितीवरून कलेची प्रत ठरविता येत नाही. याचा अर्थ सर्व मांगा सारख्याच योग्यतेचा आहे असा मात्र नव्हे. त्यातील बराच भाग ठरीव साच्यांवर जगतो आणि साचा हा कितीही सफाईने गिरविला तरी हाताला बांधूनच ठेवतो. २००६ साली क्योतो येथे मांगाचे संग्रहालय उघडले, २०१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने त्याचे मोठे प्रदर्शन भरविले, या गोष्टींनी प्रतिष्ठेचा प्रश्न सुटला असेल. गुणदोषविवेकाचा सुटलेला नाही.

त्या विवेकासाठी एक कसोटी येथे सुचवावीशी वाटते. गिरविलेले चित्र गिरविणाऱ्याला पुन्हा जगाकडे नेते काय? चिमणी-नृत्याचे पान उतरविल्यानंतर रस्त्याने ओझे घेऊन चालणाऱ्या माणसाच्या कमरेची वळण त्याला पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट दिसू लागली, तर त्या चित्राने हात उघडला. त्याला केवळ तसेच दुसरे चित्र काढण्याची इच्छा झाली, तर हात मिटला. ही कसोटी चित्राला जशी लागू पडते तशीच शिक्षकालाही. विद्यार्थ्याच्या वहीतील मांगा-आकृतीकडे तुच्छतेने पाहणारा शिक्षक एक उघडू पाहणारा हात मिटवीत असतो. आणि तिचे सरसकट कौतुक करणारा तो साच्यातच राहू देतो.

विद्यापीठीय अभ्यासक्रमात कलास्वादाचा विषय शिकविताना व्याख्यान आणि चित्रदर्शन यांच्या जोडीला निदान काही तास कागद व लेखणी यांना द्यावेत, अशी सूचना या विवेचनातून निघते. विद्यार्थ्यांनी चित्रकार व्हावे हा तीमागील हेतू नाही. दुसऱ्याने ओढलेली रेषा कोठे गतिमान झाली, कोठे थबकली आणि कोठे मुद्दाम ओढलीच नाही, हे ओळखण्याची क्षमता त्यांच्या ठायी यावी, एवढाच आहे. विद्यार्थ्याच्या आवडीचा मांगा हा या अभ्यासाचा आरंभ म्हणून घेण्यास हरकत नसावी.