टेक्स-१०१: ११९ नमुन्यांतलं यश, ८०५ नमुन्यांतला प्रश्न

मागच्या महिन्यात पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ चहा पिताना एका जुन्या मित्रानं मोबाइलवर रिपोर्ट दाखवला. वीर्यतपासणी दोनदा केलेली, दोन्ही वेळा शुक्राणू शून्य. लग्नाला सहा वर्षं झालीत. वहिनींची सोनोग्राफी, हार्मोन्स, लॅप्रोस्कोपी असं सगळं उरकल्यावर शेवटी याची साधी तपासणी झाली. (हा क्रम आपल्याकडे कुणाला खटकतही नाही.) त्याचा प्रश्न मात्र नेमका होता. "डॉक्टर म्हणतायत, सर्जरी करून आत शुक्राणू सापडतात का बघू. पण एक प्रोटीनची टेस्ट आलीय म्हणे, आधीच कळतं. तू यातच पीएचडी करतोस ना, सांग की."

ते प्रोटीन म्हणजे टेक्स-१०१. त्यावरचे दोन शोधनिबंध मी आधीच वाचले होते, पण त्या संध्याकाळी घरी येऊन ते पुन्हा काढले. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी हे दोन्ही एकापाठोपाठ वाचावेत असं मला वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. वीर्यात शुक्राणू अजिबात नसतील तर कारणं साधारण दोन प्रकारची असतात. एकात शुक्राणू तयार होतात, पण वाट बंद असते. दुसऱ्यात वृषणातच ते तयार होत नाहीत, किंवा कुठेतरी तुरळक तयार होतात. या दुसऱ्या प्रकारात मायक्रो-टेसे ही शस्त्रक्रिया करतात. सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातल्या नलिका पाहून त्यांतून शुक्राणू शोधायचे. साधारण निम्म्या पुरुषांत ते सापडतात. बाकीच्यांच्या वाट्याला वेदना, खर्च आणि रिकामे हात. म्हणजे आधी सांगणारी टेस्ट मिळाली तर ती हवीच आहे, यात वाद नाही.

२०१३ साली टोरांटोच्या ड्राबोविच, जार्वी, डायमँडिस आणि सहकाऱ्यांचा निबंध सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिनमध्ये आला. वीर्याच्या द्रव भागात शेकडो प्रोटीन्स असतात. त्यांतून चाळत चाळत ते दोघांवर आले, ईसीएम-१ आणि टेक्स-१०१. पहिलं मुख्यतः एपिडिडिमिसमधून येतं, दुसरं वृषणातल्या शुक्राणू घडवणाऱ्या पेशींतून. वाट बंद असेल तर दोन्ही वीर्यात पोचत नाहीत. वाट मोकळी, पण वृषणात काम बंद, असं असेल तर ईसीएम-१ दिसतं आणि टेक्स-१०१ दिसत नाही. कल्पना इतकी स्वच्छ आहे की वाचताना हेवा वाटतो. ११९ नमुन्यांत ईसीएम-१ नं वाट बंद असलेले आणि निरोगी पुरुष १०० टक्के वेगळे केले.

पण थांबा. वाट बंद असलेले म्हणजे कोण, हे पद्धतीच्या भागात बघा. त्या गटात नसबंदी झालेले पुरुष आहेत. एका टोकाला पूर्ण बंद वाट, दुसऱ्या टोकाला निरोगी माणूस. दिवस आणि रात्र वेगळी करायला घड्याळ लागत नाही! आणि ज्याची नसबंदी झालीय त्याच्या वीर्यात शुक्राणू आहेत का, हे पन्नास वर्षांपूर्वीचा सूक्ष्मदर्शकसुद्धा सांगतो. दवाखान्यात अडचण येते ती माझ्या मित्रासारख्यांची. ते सगळे शून्यवालेच असतात, आणि फरक शून्याच्या आत शोधायचा असतो.

त्याच प्रयोगशाळेचा २०१७ चा निबंध म्हणूनच मला जास्त मोलाचा वाटतो, जरी नाव २०१३ च्या निबंधाचंच जास्त झालं. बीएमसी मेडिसिनमध्ये आलेल्या या कामात त्यांनी टेक्स-१०१ साठी एलायझा तयार केली आणि ८०५ पुरुषांचे नमुने तपासले. नसबंदी यशस्वी झाली का, या प्रश्नाला आकडे पुन्हा झकास: १०० टक्के स्पेसिफिसिटीला १०० टक्के सेन्सिटिव्हिटी. पण शस्त्रक्रियेत शुक्राणू किंवा त्याच्या अलीकडच्या अवस्थेतली पेशी मिळेल का, या खऱ्या प्रश्नाला सेन्सिटिव्हिटी ७३, स्पेसिफिसिटी ६४, एयूसी ०.६९. एयूसी ०.५ म्हणजे नाणेफेक, हे आठवत असेलच. लेखकांनी हा आकडा लपवला नाही, सारांशातच छापला. याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

आता वही घ्या. समजा २०० पुरुष, त्यांतल्या १०० जणांत शुक्राणू आहेत. टेस्ट त्यांतल्या ७३ जणांना "आहे" म्हणेल, २७ जणांना "नाही". उरलेल्या १०० पैकी ६४ जणांना बरोबर "नाही" म्हणेल, ३६ जणांना चुकून "आहे". म्हणजे "नाही" असा निकाल मिळालेले ९१, आणि त्यांतल्या २७ जणांत शुक्राणू होते. या टेस्टवर विसंबून सर्जरी रद्द केली तर दहातल्या तिघांची स्वतःचं मूल होण्याची संधी आपण कागदावरच संपवली. हा हिशोब निबंधात मांडून ठेवलेला नसतो. तो आपण करायचा असतो, आणि माझ्या गाईडनं पहिल्या वर्षी मला तो तीनदा करायला लावला होता.

मग चांगला मार्कर कसा असतो? वाय गुणसूत्रावरचा एझेडएफ भाग घ्या. १९७६ साली तिएपोलो आणि झुफार्दी यांनी शुक्राणू नसलेल्या सहा पुरुषांत या गुणसूत्राचा तुकडा गळालेला पाहिला, आणि पुढे त्याचे ए, बी, सी असे भाग पाडले गेले. एझेडएफ-ए किंवा बी पूर्ण गळालेला असेल तर शस्त्रक्रियेत शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते, म्हणून ती टाळायला सांगतात. फक्त सी गळालेला असेल तर आशा असते. ही गळती थोड्याच पुरुषांत सापडते, एयूसी काढून मिरवण्यासारखं त्यात काही नाही. पण रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांचा निर्णय खरोखर बदलतो. टेक्स-१०१ च्या रिपोर्टनं तो बदलावा इतकं बळ अजून दिसत नाही.

म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात किंवा आणखी कुठे प्रोटीन मार्करवर सिनॉप्सिस लिहीत असाल, तर निरोगी पुरुषांचा गट घेण्याआधी विचार करा. मायक्रो-टेसेला निघालेले पुरुष ओळीनं घ्या, नमुना सर्जरीच्या आधी गोठवा, निकाल नंतर जुळवा. नमुने गोळा करायला वर्षं लागतील, गाईड कुरकुरतील, पण आकडा खरा येईल.

मित्राला मी एवढंच सांगितलं की त्या टेस्टच्या मागे लागू नकोस. एफएसएच झालंय, एझेडएफ झालंय का ते डॉक्टरांना विचार. त्यानं रिपोर्ट पुन्हा उघडला. झालं नव्हतं.