शेजारच्या स्वराची चाहूल

१० मार्च २०२० रोजी संध्याकाळी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ‘स्कॅजिट व्हॅली कोराल’ या गायकवृंदाचे ६१ जण नेहमीप्रमाणे सरावासाठी जमले. सुमारे अडीच तासांच्या त्या सरावानंतर त्यांच्यापैकी ५३ जण करोनाबाधित वा संभाव्य बाधित ठरले आणि दोघे मृत्यू पावले. ज्या श्वासाच्या आधाराने वृंदगान उभे राहते, तो श्वासच घातक ठरला. पुढे देशोदेशीचे गायकवृंद मुके झाले आणि गाणारा प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा उरला.

अमेरिकन संगीतरचनाकार एरिक व्हिटेकर यांच्या ‘सिंग जेंटली’ या कृतीचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. शब्द आणि स्वररचना दोन्ही त्यांचीच. जुलै २०२० मध्ये प्रसृत झालेल्या या दृक्‌श्राव्य कृतीत १२९ देशांतील १७,५७२ गायक सहभागी झाले होते. व्हिटेकर यांना हा प्रयोग नवा नव्हता. त्यांच्याच एका रचनेतील आपला भाग एका तरुण गायिकेने घरी गाऊन चित्रित केला होता. तो पाहून त्यांना ही कल्पना सुचली. २०१० मध्ये त्यांनी १२ देशांतील १८५ गायकांचे ‘लुक्स ऑरुम्क्वे’ अशाच रीतीने सादर केले. तेव्हा जे नवल होते, ती २०२० मध्ये गरज बनली.

या निर्मितीची पद्धत सांगावयास सोपी आहे. संचालकाचे चित्रण समोर ठेवून, कानांवर हेडफोन चढवून प्रत्येकाने आपला भाग एकट्याने गावयाचा आणि ध्वनिचित्रमुद्रण पाठवून द्यावयाचे. ते हजारो तुकडे तंत्रज्ञ एकमेकांवर बसवतात. उमटणारा नाद विशाल आहे, तरीही मृदू आहे. रचना स्तोत्रासारखी साधी असल्यामुळे हौशी गायकालाही तिच्यात सहज स्थान मिळते. हे तिचे औदार्य होय.

तरीही एक प्रश्न विचारणे भाग आहे: या १७,५७२ जणांपैकी कोणी कोणाचे ऐकले?

सर्वांनी एकाच वेळी, थेट का गाऊ नये, असे वाचक विचारतील. अडचण विलंबाची आहे. ध्वनीला हवेतून दहा मीटर अंतर कापण्यास सुमारे तीस सहस्रांश सेकंद लागतात. इंटरनेटवरून गाताना विलंब याहून फारसा वाढला, की सर्वांची लय हळूहळू मंदावत जाते. कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या स्वरासाठी थांबतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ख्रिस चेफ यांनी या विलंबाचा अभ्यास केला आहे. तो कमीत कमी राखणारी ‘जॅकट्रिप’ ही प्रणाली घडवणाऱ्यांत ते अग्रणी होते. मला या मंदावणाऱ्या लयीचे मोल वाटते. तो दोष खराच. परंतु तो परस्परांची वाट पाहणाऱ्यांचा दोष आहे. ‘सिंग जेंटली’मध्ये तो घडूच शकत नाही, कारण तेथे कोणी कोणासाठी थांबत नाही.

व्हिटेकर यांनी या कृतीच्या संदर्भात किंत्सुगी या जपानी कलेचे स्मरण केले आहे. फुटलेल्या पात्राचे तुकडे सोनेरी सांध्यांनी जोडावयाचे आणि सांधा लपवावयाचा नाही, अशी ती कला. माझा आक्षेप नेमका येथे आहे. पडद्यावर सांधे दिसतात. प्रत्येक चेहरा आपल्या चौकटीत एकटा असतो. नादात मात्र एकही सांधा उरू दिलेला नाही. ज्या ताटातुटीतून हे गीत जन्मले, तिची खूण कानाला कोठेच लागत नाही.

म्हणून ही कृती कमी लेखावी काय? मुळीच नाही. वृंदातील मधल्या स्वरांचा भाग एकटा ऐकला तर अपुरा, प्रसंगी निरर्थकही वाटतो. रित्या खोलीत तो अपुरा भाग निष्ठेने गाणे आणि उरलेले स्वर कोणीतरी, कोठेतरी गात असेल असा विश्वास धरणे, ही लहान गोष्ट नव्हे. एकांतात प्रार्थना करणाऱ्याला हा विश्वास ओळखीचा वाटेल. या कृतीचे खरे सौंदर्य मला त्या सफाईदार नादापेक्षा या विश्वासात दिसते.

निर्बंध उठल्यावर आमच्या चर्चमधील गायनवृंद माळ्यावर पुन्हा उभा राहिला, तेव्हा पहिल्याच गीतात आल्टो गाणाऱ्या भगिनी अर्धी मात्रा मागे पडल्या. ऑर्गनवादकाने मान वळवली नाही. पुढचा स्वर तेवढा क्षणभर रोखून धरला. त्या भगिनी येऊन मिळाल्या आणि गीत पुढे चालू लागले. कित्येक महिन्यांनंतर मला वृंदगान ऐकू आले, ते त्या थांबलेल्या क्षणात.