दाराच्या मुठीला बांधलेली तार

डिसेंबर २०१८मध्ये मार्क रोबर या अमेरिकन यूट्यूबरने एक व्हिडिओ टाकला. तुम्ही तो पाहिला असण्याची शक्यता बरीच आहे. रोबर हा पूर्वी नासात काम केलेला इंजिनिअर. त्याच्या दारातून कुरिअरचं पार्सल चोरीला गेलं. कॅमेऱ्यात चोरी दिसत होती, पण पोलिसांना त्यात वेळ घालवण्यासारखं काही वाटलं नाही. मग याने एक खोका बनवला. बाहेरून महागडं पार्सल, आत चार फोन, जीपीएस, गरगर फिरून चमकी उधळणारी मोटर आणि घाण वासाचा फवारा. चोर खोका नेतो, उघडतो, चमकीने माखतो, वासाने किंचाळतो. चारही फोन ते टिपत असतात. आपण हसतो.

मीही हसलो. या व्हिडिओंची मजा नेमकी कशात आहे, हा प्रश्न मात्र मला सोडत नाही. पुढची काही वर्षं त्यांच्या सुधारित आवृत्त्या येत राहिल्या, नकला तर मोजता येणार नाहीत इतक्या आल्या. आता हा एक साहित्यप्रकारच झालाय म्हणा ना. त्याचं व्याकरण ठरलेलं आहे: अन्याय, यंत्रणेची उदासीनता, सापळा, शिक्षा. शेवटी कॉमेंटमध्ये एकच सूर, ‘बरं झालं, हेच पाहिजे होतं.’ ज्याची चोरी झाली त्याने सापळा लावला आणि चोराला काही झालं, तर त्या माणसाचं काही देणं लागतं का? या प्रकाराचं उत्तर तयार असतं. मुळीच नाही.

पहिल्या व्हिडिओनंतर काही दिवसांतच एक गंमत झाली. पाच ‘चोरां’पैकी दोघांचे प्रसंग बनावट निघाले. रोबरने स्वतःच ते जाहीर केलं, आपल्याला याची कल्पना नव्हती असं सांगितलं आणि तो भाग काढून टाकला. लोकांनी तेव्हा खरं-खोटं यावर वाद घातला. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. खऱ्या चोराची आणि नाटकी चोराची प्रतिक्रिया आपल्याला वेगळी ओळखता आली नाही. म्हणजे या प्रकाराला चोर नावाचा माणूस लागतच नाही. खोका उघडणारं आणि किंचाळणारं कुणीतरी पुरतं. तो दोषी आहे याची खात्री आपल्याला एडिटिंग देतं.

‘होम अलोन’ (१९९०) या सगळ्यांचा आजोबा. आठ वर्षांचा केव्हिन घरात एकटा आणि दोन चोर बाहेर. तो दाराची मूठ लालबुंद तापवतो, जिन्यावरून रंगाचे डबे सोडतो, एकाच्या तोंडावर इस्त्री पाडतो. चोर उठून पुन्हा चालू लागतात. सिनेमा विनोदी आहे, त्यामुळे हाडं मोडत नाहीत याबद्दल माझी तक्रार नाही. मला रस आहे तो पटकथेच्या एका सोयीत. केव्हिनने चोरांचं बोलणं चोरून ऐकलेलं असतं. कोण येणार, किती वाजता येणार, हे त्याला ठाऊक असतं. आणि तो स्वतः तिथे हजर असतो. त्या तापलेल्या मुठीला चोराऐवजी शेजारीण काकूंनी हात घातला असता, तर सिनेमाचा प्रकारच बदलला असता.

ती शक्यता ज्यात उघडी राहते असं लेखन शोधताना मी एका न्यायालयीन निकालापाशी पोचलो. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्ये दिलेला ‘कॅट्को विरुद्ध ब्रायनी’. कायद्याचे विद्यार्थी तो परीक्षेसाठी वाचतात. मी म्हणतो, कथा वाचणाऱ्यांनीही वाचावा.

हकीकत अशी. शेतकरी नवरा-बायको. बायकोला वारशाने मिळालेलं एक जुनं घर शेतात रिकामं पडलेलं. १९५७ ते १९६७ अशी दहा वर्षं तिथे लोक घुसत राहिले, सामान नेत राहिले, खिडक्या फोडत राहिले. यांनी दारं-खिडक्या फळ्यांनी बंद केल्या, ‘आत येऊ नये’ अशा पाट्या लावल्या. उपयोग शून्य. ११ जून १९६७ला त्यांनी एका झोपायच्या खोलीतल्या लोखंडी पलंगाला २० गेजची शॉटगन पक्की बांधली. चापापासून तार काढून दाराच्या मुठीला जोडली. दार उघडलं की बार. खोलीच्या खिडकीवर पत्रा ठोकला, त्यामुळे बाहेरून काही दिसायची सोय नव्हती. आत बंदूक आहे अशी पाटी कुठेच नव्हती.

१६ जुलैच्या रात्री कॅट्को मित्राबरोबर आला. घर बेवारस आहे अशी त्याची समजूत. फळं टिकवायच्या जुन्या काचेच्या बरण्या आणि बाटल्या न्यायच्या होत्या. त्याच्या लेखी त्या जुन्या वस्तू म्हणून मोलाच्या. त्याने त्या खोलीचं दार उघडलं. उजव्या पायाचा बराचसा भाग, नडगीच्या हाडासकट, उडाला. ४० दिवस तो इस्पितळात होता. त्याने चोरीचा गुन्हा कबूल केला. वस्तूंची किंमत २० डॉलरहून कमी. ५० डॉलर दंड झाला आणि ६० दिवसांच्या कैदेतून अटींवर सूट मिळाली. मग त्याने शेतकरी जोडप्यावर दावा लावला आणि ज्युरीने त्याला २० हजार डॉलर भरपाई आणि वर १० हजार डॉलर दंडात्मक भरपाई मंजूर केली. वरच्या न्यायालयाने ती कायम ठेवली. ती रक्कम भागवताना जोडप्याला ८० एकर जमीन गमवावी लागली.

इतकं ऐकल्यावर कुणाचंही डोकं तापतं. चोराला तीस हजार आणि मालकाच्या जमिनीची विक्री! ‘कायदा चोरांचाच असतो’ याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट अमेरिकेत वर्षानुवर्षं सांगितली जाते. पण निकालात एक साधं वाक्य आहे आणि माझ्या मते सगळी कथा तिथे आहे. त्याचा आशय असा: बंदूक आधी माणसाच्या पोटावर रोखलेली होती, बायकोच्या सांगण्यावरून ती खाली, पायांवर रोखली गेली.

हे वाक्य न्यायमूर्ती पुढे खुलवत नाहीत. मी मात्र तिथे थांबतो. रिकाम्या घरात दोन माणसं उभी आहेत. समोर कुणी नाही, तरी त्या दोघांना दारात एक शरीर दिसतंय. ते त्याची उंची अंदाजताहेत, पोट कुठे येईल, गुडघा कुठे येईल हे ठरवताहेत. बायकोच्या मनात दया आली हे खरं. पण त्या दयेमुळेच कळतं की इथे माणूस येणार आणि त्याला लागणार, हे दोघांना पुरतं माहीत होतं. हा राग क्षणाचा नव्हता. तो मोजमाप घेऊन, तार ताणून, पत्रा ठोकून बसवलेला होता आणि नंतर ते दोघं आपल्या घरी निघून गेले. पाच आठवडे ती बंदूक एकटीच जागत होती.

न्यायालयाचा युक्तिवाद तसा सरळ आहे. मालमत्ता वाचवायला वाजवी बळ वापरता येतं, पण नुसत्या मालमत्तेसाठी जीव घेणारं किंवा भयंकर इजा करणारं बळ वापरता येत नाही. आणि मालक स्वतः हजर असता तर जे करायची त्याला मुभा नव्हती, ते यंत्राकडून करून घ्यायचीही नाही. चोरीचा हिशेब चोराने वेगळा चुकवलाय. पायाचा हिशेब वेगळा. एक खातं दुसऱ्यातून वजा होत नाही.

हे मला पटतं. निकालातली एक गोष्ट मात्र खटकते. त्या दहा वर्षांना त्यात जेमतेम एक-दोन वाक्यं मिळालीत. दहा वर्षं फुटणाऱ्या काचा, दर वेळी नव्याने ठोकलेल्या फळ्या, आपण वैतागून गेलो होतो ही शेतकऱ्याची साक्ष. एक न्यायमूर्ती, लार्सन, यांनी वेगळं मत नोंदवलं. जोडप्याचा हेतू इजा करण्याचा होता की फक्त घाबरवण्याचा, हे ज्युरीने नीट ठरवायला हवं होतं आणि दंडात्मक भरपाई योग्य नाही, असं त्यांचं म्हणणं. पायावर नेम धरून बांधलेली बंदूक फक्त घाबरवण्यासाठी होती, हे माझ्या गळी उतरत नाही. पण त्या वरच्या १० हजारांबद्दल मी लार्सन यांच्या बाजूला झुकतो. पायाची भरपाई देणं लागतं. वर अद्दल घडवायची तर दहा वर्षं त्या माणसांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांनाही काही घडायला हवी होती. रोबरच्या व्हिडिओतही हीच जागा खरी आहे, पोलिसांनी लक्ष न घालणं. पण ती दहा-पंधरा सेकंदांत संपते आणि खोका बनवायला सुरुवात होते.

आता ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण घ्या. ही म्हण म्हणजे सापळ्याची कार्यपद्धतीच. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ एकाने ट्युलिपची फुलं चोरीला गेल्यावर बागेत तारेची बंदूक बसवली. सावज झाला तो १९ वर्षांचा मुलगा. भिंत चढून तो दुसऱ्याची चुकलेली लांडोर आणायला गेला होता, तेही दिवसाउजेडी. पाटी नव्हती, कारण मालकाला चोर टळायला नको होता, सापडायला हवा होता. १८२८मध्ये न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी १८२७मध्येच ब्रिटिश संसदेने अशा बंदुकांवर बंदी आणली होती. राहत्या घरात रात्रीपुरती सूट मात्र ठेवली.

आपल्याकडचं उदाहरण अधिक बोचतं. ‘चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य’, सर्वोच्च न्यायालय, १९६३. इथे चोरीही नाही. शेजारच्या घराच्या संडासाची भिंत पडली, आडोसा गेला. त्या घरातली माणसं ग्रेगरीचा संडास वापरू लागली. त्याने बजावलं, त्यांनी ऐकलं नाही. मग त्याने संडासाकडे जाणाऱ्या वाटेत वीज सोडलेली उघडी तार लावली. एक बाई आत गेली तेव्हा बचावली. बाहेर येताना हात लागला आणि ती मेली. ती परवानगीशिवाय आली होती, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. विनापरवाना आलेला माणूस कायद्याबाहेर फेकलेला, कुणीही मारावा असा होत नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. कलम ३०४-अ खालची शिक्षा कायम राहिली. विदर्भात रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेने वाघ मेलेत आणि माणसंही मेलीत, ती याच तारेची पुढची लांबी.

कायदा मालकाला दुबळा ठेवतो असं मात्र नाही. जुन्या दंडसंहितेत आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, रात्री घर फोडून घुसणाऱ्याविरुद्ध बचाव करताना प्रसंगी जीव घेण्यापर्यंतची मुभा आहे. अट एवढीच की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. ही गरज कुणीतरी तिथे उभं राहून, समोर बघून ठरवावी लागते. अंधारात पाऊल ऐकू आलं तर माणूस ‘कोण आहे?’ असं विचारतो. तार विचारत नाही.

म्हणून कंपाउंडच्या भिंतीवर रोवलेल्या काचा आणि ती पलंगाला बांधलेली बंदूक मी एका रांगेत बसवणार नाही. काच दिसते. चढणाऱ्याला ती आधीच सांगते की परत जा. रोबरचा खोकाही मी बंदुकीच्या शेजारी ठेवणार नाही. चमकी धुतली जाते, आणि जीपीएसमुळे खोका दारातून हलल्याशिवाय फुटत नाही, एवढी काळजी त्याने घेतलीय. पण तो कुठे उघडणार आणि तेव्हा शेजारी कोण बसलेलं असणार, हे त्याला खोका बंद करताना माहीत नसतं. त्या खोलीत चोराचं लहान मूल असलं तर त्याचा चेहरा धूसर करता येतो, किंवा तो तुकडाच कापता येतो.

आयोवाच्या निकालाला ते कापता आलं नाही. त्यात बरण्यांची किंमतही आहे, नडगीचं हाडही आहे, आणि बंदूक थोडी खाली घ्यायला सांगणारी बाईही.