मोज्यातली कला

पायांचं कौतुक आमच्या भागाला नवं नाही. आषाढी वारीत तुकोबांच्या पादुका बारामतीवरून इंदापूरला पालखीतून जातात, आणि वारकऱ्यांचे दुखरे पाय लोक फुकट चेपून देतात. 'पाकीझा'त (१९७२) राजकुमारने आगगाडीत झोपलेल्या मीनाकुमारीच्या पावलांची तारीफ चिठ्ठीत लिहून ठेवली; तीही बिनपैशाची!

आता मोजे घातलेल्या पायांचे फोटो विकले जातात. २०१६ साली लंडनमध्ये निघालेली 'ओन्लीफॅन्स' विक्रीतले शंभरातले २० स्वतः ठेवते, ८० विकणाऱ्याला देते. कॉमर्सवाल्याला हा हिशेब पटतो.

कलेचं म्हणाल, तर फोटो बरा. मोजा झाकतो, म्हणूनच बघावंसं वाटतं. व्हिडिओ मात्र फसतो. एक मोजा उतरेपर्यंत आमच्या काउंटरवरसुद्धा एखादा ड्राफ्ट निघेल!

चेहरा दिसत नाही, म्हणजे अब्रू शाबूत, असं विकणाऱ्याला वाटतं. पण पायाखालची फरशी आणि मागचा पडदा शेजारीण लांबूनही ओळखते. शिवाय हे खातं असं, की फोटोचा भरणा होतो, पण परत काढायची सोय नाही. मेहनतीचा मोबदला घ्यावा, जरूर घ्यावा. फक्त मंडळी, स्लिप भरण्यापूर्वी मागची बाजूही वाचावी.