अलेक्झांड्रियाचें चरित्र : एक परीक्षण

प्रवाशांकरितां लिहिलेलीं मार्गदर्शक पुस्तकें वाङ्मय या नांवास क्वचितच पात्र ठरतात. उतरण्याच्या जागा आणि पाहण्याजोगीं स्थळें यांची जंत्री दिली कीं त्यांचें काम संपतें. ई. एम. फॉर्स्टर यांचें १९२२ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘अलेक्झांड्रिया : इतिहास आणि मार्गदर्शिका’ हें पुस्तक मात्र या नियमास सन्माननीय अपवाद आहे. पहिल्या महायुद्धांत रेड क्रॉसच्या कामानिमित्त लेखक त्या नगरींत राहिले होते. पुढें १९२१ मध्यें देवासच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून ते हिंदुस्थानांत आले. तेव्हां मराठी वाचकांस हें नांव अगदींच परकें वाटूं नये.

या नगरीवर लिहिणाऱ्याची खरी अडचण अशी कीं, तेथें सांगण्यासारखें फार आणि दाखविण्यासारखें थोडें. ख्रिस्तपूर्व ३३१ मध्यें अलेक्झांडरनें ती वसविली. समोरचें फॅरोस बेट बांध घालून किनाऱ्यास जोडण्यांत आलें आणि बांधाच्या दोहों बाजूंस दोन बंदरें झालीं. टॉलेमी राजांनीं दीपगृह उभारलें, ग्रंथालय वाढविलें. आज त्या ग्रंथालयाचा एक दगडहि खात्रीनें दाखवितां येत नाहीं. दीपगृह भूकंपांनीं ढासळलें आणि बांधाभोंवतीं गाळ सांचून तेथें वस्ती झाली.

फॉर्स्टर यांनीं यावर योजिलेला उपाय साधा, पण कल्पक आहे. पूर्वार्धांत इतिहास व उत्तरार्धांत मार्गदर्शिका देऊन त्यांनीं दोहोंस पृष्ठांकांनीं परस्परांशीं बांधून टाकलें आहे. प्रसंग वाचतांना स्थळ सांपडतें आणि स्थळापाशीं उभें राहिल्यावर प्रसंग आठवतो. या दोन भागांच्या मध्यें, त्याच नगरींत राहणाऱ्या कवाफी या ग्रीक कवीची अँटनीच्या पराभवावरील कविता भाषांतररूपानें घातली आहे. गमावलेल्या नगरीचा धीरानें निरोप घेण्याविषयींची ही कविता गतवैभव आणि वर्तमान यांच्या सीमेवर ठेवण्यांत लेखकाची मार्मिकता दिसते.

परंतु हाच निरोपाचा सूर पुस्तकाचा मोठा दोषहि ठरला आहे. ग्रीक तत्त्वज्ञ आणि ख्रिस्ती धर्मवेत्ते यांच्या ‘आध्यात्मिक नगरी’ला येथें स्वतंत्र भाग मिळतो, आणि तो पुस्तकांतील उत्तम भाग आहे. उलट, ६४२ च्या सुमारास अरबांनीं नगरी घेतल्यापासून १७९८ मध्यें नेपोलियन तेथें उतरेपर्यंतच्या साडेअकराशें वर्षांची बोळवण थोडक्या पृष्ठांत होते. राजधानी दूर गेली, वैभव ओसरलें, हें खरें. पण बंदर कांहीं झोपीं गेलें नव्हतें. मलबारची मिरी लाल समुद्रांतून व कैरोवरून याच धक्क्यावर येई आणि व्हेनिसचे व्यापारी ती येथेंच विकत घेत. हा काळ दोन वैभवांमधील निव्वळ पोकळी समजणें न्यायाचें नव्हे. १९५६ नंतर ग्रीक व इतर परदेशी रहिवाशांपैकीं बहुतेक निघून गेले. ज्यांची नगरी आज आहे, त्यांच्याच पूर्वजांचीं शतकें या चरित्रांत सर्वांत पुसट आहेत.

मार्गदर्शिका म्हणून पुस्तक जुनें झालें, यांत नवल नाहीं. १९६० नंतर कोम एल-दिक्का येथें रोमन काळचें प्रेक्षागृह उजेडांत आलें. १९९४ पासून पाणबुड्यांनीं समुद्रतळाचे अवशेष शोधले. २००२ मध्यें नवें ग्रंथालय उघडलें. तरीहि लेखकाची पद्धति शिळी झालेली नाहीं. उलट तिच्याच आधारें त्यांची उणीव भरून काढतां येते. दीपगृहाच्या जागीं पंधराव्या शतकांत सुलतान काइतबे यानें किल्ला बांधला आणि दीपगृहाचे दगड त्यांत वापरले. या भिंतीपुढें उभ्या राहिलेल्या वाचकानें केवळ हरवलेल्या दीपगृहासाठीं हळहळूं नये. ते दगड पुन्हां रचणाऱ्या हातांचीहि आठवण करावी. एवढी दुरुस्ती मनांत ठेवून वाचल्यास हें पुस्तक आजहि उत्तम सोबती ठरेल.