पत कुणाच्या वहीत?

आज हातखंब्याच्या तिठ्यावर उतरलो आणि सवयीने चहाची टपरी शोधू लागलो. मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीकडचा रस्ता इथे भेटतो, एस.टी. थांबली की कुठे जाऊन उभं राहायचं, हे आमचं वर्षानुवर्षं ठरलेलं. चौपदरीकरणात तिठ्याचा चेहरा पालटला आणि टपरी काही जागेवर दिसेना. एकाला विचारलं. "ते होय? ते पलीकडे गेले, त्या वळणाला." गेलो, चहा घेतला, तोच चहा. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

आजचा विषय एका बाजाराचा आहे. त्या बाजारावर आमच्यासारख्या काही जुन्या गिऱ्हाइकांनी जीव लावला आणि पुढे त्यांचं मन तिथून उडालं. बाझी डॉट कॉम हे नाव तरुणांना माहीत नसेल. सन 2000 मध्ये मुंबईत सुरू झालेलं हे ऑनलाइन लिलावाचं संकेतस्थळ. अमेरिकेतल्या ईबे कंपनीने ते 2004 मध्ये सुमारे 5 कोटी डॉलरला विकत घेतलं आणि मग तेच ईबे इंडिया झालं. जुनी तिकिटं, नाणी, पोस्टकार्डं, आगपेट्यांची लेबलं, जुने दिवाळी अंक जमवणाऱ्या माणसांना हा बाजार म्हणजे काय होता, हे आज सांगून पटायचं नाही. तोवर संग्राहकाला पुण्या-मुंबईची प्रदर्शनं गाठावी लागत, नाहीतर एखाद्या व्यापाऱ्याची मर्जी सांभाळावी लागे. आता रत्नागिरीत बसून कोलकात्याच्या माणसाच्या पेटीतला लिफाफा पाहता येऊ लागला.

लिलाव कोकणी माणसाला नवा नाही. मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव होतो, तिथे टोपली समोर असते आणि बोली लावणाऱ्याचं तोंडही समोर असतं. हापूसची गोष्ट वेगळी. पेटी वाशीला जाते, तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, आणि बागायतदाराला भाव कळतो तो पट्टी हातात आल्यावर. असा झाकलेला भाव ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांना उघडी बोली म्हणजे न्यायच वाटावा, यात नवल नाही.

आणि युक्तीही सुरेख होती. समजा, एखाद्या लिफाफ्याला तुम्ही जास्तीत जास्त 500 रुपये द्यायला तयार आहात. तो आकडा गुपचूप यंत्राला सांगून ठेवायचा. दुसऱ्याची मजल 320 पर्यंतच असेल, तर लिफाफा तुम्हाला 320 च्या एक पायरी वर मिळतो, 500 ला नाही. म्हणजे खरं बोलून तुमचं नुकसान होत नाही. या जातीच्या लिलावाचं गणित 1961 मध्ये मांडणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचं नाव विल्यम विक्री. हो, आडनावच विक्री. 1996 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. पण या गणिताला एक अट आहे. दुसरा बोली लावणारा खरा असला पाहिजे. विकणाऱ्याच्या मेहुण्यानेच खोट्या नावाने 490 ची बोली टाकली, तर तुमच्या खरेपणाचीच तुम्हाला शिक्षा होते. पूर्वी बोली लावणाऱ्यांची नावं दिसत, टोपणनावं का होईना. जुनी माणसं ती ओळखत आणि संशय आला तर एकमेकांना सावध करत. पुढे ईबेने ती नावं झाकली. कारण दिलं फसवणुकीपासून संरक्षणाचं, आणि ते खोटंही नव्हतं. पण रुमाल पुन्हा आला.

तरीही आमच्या मते लोक या कारणाने विटले नाहीत. दलाली वाढली म्हणूनही नाही. दलाली वाढली म्हणून कुरकुरतो तो गिऱ्हाईक, विटतो तो निराळा. खरं दुखणं अभिप्रायाच्या आकड्यात होतं.

तुम्ही कधी समोरासमोर न पाहिलेल्या माणसाला पैसे पाठवायचे आणि त्याने वस्तू धाडायची. हे चालावं म्हणून व्यवहार झाला की दोघांनी एकमेकांबद्दल लिहायचं: वस्तू सांगितली तशी निघाली, पैसे वेळेवर आले. अशा नोंदींची बेरीज नावापुढे दिसे. आमचे एक स्नेही पोस्टातून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशीच्या शिक्क्याचे लिफाफे विकत. लिफाफ्याच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर असली तरी ते लिहून कळवत. एकेका अभिप्रायाने आकडा चढवत नेला त्यांनी. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, पत. पत राखायची, पत सांभाळायची, पत जाऊ द्यायची नाही. आपल्याकडे पैशाच्या संस्थेलाही पतपेढी म्हणतात, पैसापेढी नव्हे.

कांटने 1785 मध्ये एक भेद केला होता. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं काही ठेवता येतं. ज्याला प्रतिष्ठा असते त्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही. आम्ही हे वर्गात तीसेक वर्षं शिकवलं, पण पत या दोन्हींत कुठे बसते, हे कुणा विद्यार्थ्याने विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. ती विकत मिळत नाही, तरी तिच्यामुळे विकलं जातं. ती माणसाची असते, पण राहते दुसऱ्यांच्या मनात. म्हणूनच ती कुणाच्या वहीत लिहिली जाते याला महत्त्व आहे.

2008 मध्ये ईबेने नियम केला की विकणाऱ्याने खरेदीदाराबद्दल वाईट अभिप्राय द्यायचा नाही. त्यांचीही बाजू होती. विकणारे सूड उगवत, त्या भीतीने खरेदीदार खरं लिहीत नसत. अमेरिकेतल्या काही विक्रेत्यांनी त्या फेब्रुवारीत आठवडाभर बहिष्कार घातला. बाजार काही बंद पडला नाही. अल्बर्ट हिर्शमन यांचं 1970 चं पुस्तक इथे उपयोगी पडतं. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. आणि ज्याची निष्ठा असते तो जायला उशीर लावतो. आम्ही त्यात एवढंच घालू की इथे निष्ठावंताला जाताना आपली पत मागे ठेवून जावं लागत होतं. मग याला निष्ठा म्हणायचं की गहाण?

आणि मालकाचं उत्तर काय, तर आम्ही फक्त मैदान देतो. याच बाझीवर 2004 मध्ये एका वापरणाऱ्याने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि डिसेंबरात संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली. तेव्हा 'आम्ही केवळ मध्यस्थ' हा बचाव रास्तच होता. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 मध्ये 2008 च्या दुरुस्तीने अशा मध्यस्थांना काही अटींवर संरक्षण मिळालं. आमचा आक्षेप त्याला नाही. जबाबदारीच्या वेळी मध्यस्थ आणि नियम करायच्या वेळी धनी, या दुटप्पीपणाला आहे.

2017 मध्ये ईबेने आपला भारतातला धंदा फ्लिपकार्टच्या हवाली केला, वर 50 कोटी डॉलर घातले आणि बदल्यात हिस्सा घेतला. पुढच्या वर्षी वॉलमार्टने फ्लिपकार्ट घेतलं, ईबेने हिस्सा विकला, आणि 14 ऑगस्ट 2018 ला ईबे इंडियावरचे व्यवहार थांबले. घर फिरलं की वासेही फिरतात. फ्लिपकार्टने त्यानंतर काढलं ते दुरुस्त करून पुन्हा विकायच्या मालाचं दुकान. जुन्या लिफाफ्याला, बोलीला तिथे जागा नव्हती. पोस्टातल्या स्नेह्यांच्या नावापुढचा आकडा दुसऱ्या पेठेत चालणारा नव्हता. टपरीवाल्याला हलावं लागलं तेव्हा विचारत विचारत आम्ही त्याच्यापर्यंत पोचलो. यांना विचारत कोण येणार? गिऱ्हाइकांना त्यांचं टोपणनाव तेवढं ठाऊक.

आता थोडं आपल्याही वाट्याचं बोलू. आम्हीही काही साधुसंत नव्हतो. लिलाव संपायला दहा सेकंद उरली की बोली टाकायची आणि दुसऱ्याला वेळच द्यायचा नाही, हा खेळ आम्हीही खेळलो, आणि जिंकल्यावर घरात ओरडून सांगितलं. एकदा एका संकेतस्थळावर, नाव सोडा, आम्ही घेतलेल्या लिफाफ्यावरचा शिक्का सरळ बनावट निघाला. तक्रार केली, तर उत्तर एका यंत्राने दिलं, फार गोड भाषेत. पण त्याआधी वर्षभर त्याच विक्रेत्याकडून स्वस्त मिळतं म्हणून आम्ही डोळे मिटून घेत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. जुनी माणसं 'पूर्वी किती छान होतं' म्हणतात तेव्हा हा भाग गाळतात.

याच 2018 मध्ये, बाजार बंद झाल्यावर दोनेक महिन्यांनी, आपल्याकडे एक उलटी गोष्ट घडली. ऑक्टोबरात कोकणच्या हापूसला भौगोलिक निर्देशन मिळालं. हीसुद्धा पतच आहे, पिढ्यांनी कमावलेली. पण या कायद्याचं कलम 24 वाचा जरूर. नोंदलेल्या निर्देशनाचा हक्क विकता येत नाही, कुणाच्या नावे करता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी कांट वाचला होता की नाही, देव जाणे. त्याने परराज्यातला आंबा हापूस म्हणून विकला जाणं थांबलं, असं आम्ही म्हणणार नाही; तुम्ही आम्हाला इथेच अडवाल. पण ती पत कुणा एका कंपनीच्या वहीत नाही.

व्याख्यानाआधी गणपतीपुळ्याकडचा एक मुलगा भेटला. घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. पाहुणे ज्या ॲपवरून येतात, त्यावरचे तारे आम्हाला कौतुकाने दाखवत होता. पाचाला थोडेच कमी. आम्ही विचारलं, आलेल्या पाहुण्यांची नावं, फोन तुझ्याकडे लिहिलेले आहेत का? म्हणाला, "नाही सर, ते सगळं ॲपमध्येच असतं. आपल्याला नंबरसुद्धा दाखवत नाहीत कधीकधी." तो तिसऱ्या रांगेत बसलाय. मघापासून हात वर करतोय, तेव्हा आम्ही थांबतो. पहिला प्रश्न त्याचा घेऊ.