एक बनावट चिंटू

मराठीत समीक्षा लिहायला दोन गोष्टी लागतात, असं मी ऐकून आहे. एक जाड भिंगांचा चश्मा आणि दुसरे, वाचकाला न कळणारे निदान सात-आठ शब्द. पैकी चश्मा मला आहे. शब्दांचं म्हणाल, तर मी गोगटे-जोगळेकर कॉलेजचा बी.कॉम. आमच्या शास्त्रातला सर्वांत अवघड शब्द म्हणजे ‘घसारा’, आणि आमच्या शेजाऱ्यांना तोही बरीच वर्षं घशाचा विकार वाटत होता. तेव्हा पुढे येईल ती कारकुनी समीक्षा आहे, हे वाचकांनी आधीच नोंदवून घ्यावं.

विषयही कारकुनीच. पेपरातल्या तीन-चार चौकटींचा ‘चिंटू’. कादंबऱ्यांवर लिहायला माणसं आहेत, नाटकांवर लिहिणारे तर नाटकं बघणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. चिंटूवर मात्र कोणी गंभीरपणे लिहीत नाही, कारण तो वाचायला अर्धं मिनिट लागतं. अर्ध्या मिनिटाच्या मालावर दोन तास बोलत बसणारी माणसं फक्त बँकेतच सापडतात.

२१ नोव्हेंबर १९९१ ला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीचा पहिला चिंटू ‘सकाळ’मध्ये छापून आला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि चिंटूही दिसायला साधारण तेवढाच. आम्ही एकाच बाकावरून सुरुवात केली म्हणा ना. पुढे मी दहावी झालो, बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, पोट सुटलं, घराचं कर्ज घेतलं; आणि २०१२ साली ह्या गृहस्थांवर सिनेमा निघाला, तेव्हाही हे आपले शाळेतच. परवा एका जुन्या चिंटूतले त्याचे पप्पा जरा निरखून पाहिले आणि एकदम लक्षात आलं, की हा मनुष्य माझ्याहून लहान असणार! हिशेबाच्या भाषेत सांगायचं, तर मला घटत्या शिल्लक पद्धतीनं घसारा लागत गेला आणि चिंटूला तो आकारलाच गेला नाही.

आमच्या हेड कॅशियरांचं मत असं, की ह्या बाबतीत वेताळाचा कारभार जास्त चोख. ते इंद्रजाल कॉमिक्सच्या पिढीतले. १९६४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये बंद पडलेली ती मालिका. तिच्यातला वेताळ म्हणजे ली फॉकचा ‘फँटम’, १९३६ पासून अमेरिकेतल्या पेपरांत रोज तुकड्या-तुकड्यांनी चाललेला. तो अमर आहे असं जंगलातल्या लोकांना वाटतं. प्रत्यक्षात बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा.

“म्हणजे नॉमिनेशन केलेलं आहे,” कॅशियर म्हणत. “तुझ्या चिंटूच्या खात्याला नॉमिनी कोण?”

ह्या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आमच्याकडे चिंटूला पावसाळा लागत असे. पेपर घाटावरून यायचा. आंबा घाटात दरड आली, की रत्नागिरीत भाजी महाग व्हायची आणि चिंटू बंद. भाजीबद्दल मोठी माणसं काय ते बोलत. घाट मोकळा झाला, की दोन दिवसांचे दोन चिंटू एकदम हातात पडत. हा खरं तर बोनस. पण दोन्ही लागोपाठ वाचले, की दुसरा निम्माच लागायचा. पुढे चिंटूची पुस्तकं निघाली, ती मी हौसेनं घेतली, आणि तीस पानांनंतर आंबावडीचा अख्खा डबा एकट्यानं संपवल्यासारखं झालं. दोष वडीचा नव्हे. हा माल दिवसाला एक ह्याच मापानं काढायचा असतो आणि मधल्या चोवीस तासांत कुणाला तरी “आजचा पाहिलास?” म्हणून विचारायचं असतं. निम्मा चिंटू चौकटीत असतो. उरलेला निम्मा ह्या प्रश्नात.

मध्यंतरी चिंटूनं पेपर बदलला. ‘सकाळ’ सोडून तो ‘लोकसत्ते’त गेला. आमच्या वडिलांनी पेपर बदलायला साफ नकार दिला. त्यांच्या लेखी पेपर बदलणं आणि जावई बदलणं सारखंच. मग मी नगर वाचनालयात जाऊ लागलो. हे वाचनालय १८२८ चं. इतकी जुनी संस्था आपण तीन चौकटींसाठी राबवतो, ह्याची मला लाज वाटे. पण पाहतो तर माझ्याआधी दोन पेन्शनर त्याच कामावर हजर! डोळे अग्रलेखावर आणि बोट चिंटूच्या पानात खुणेला ठेवलेलं. एकदा त्यातल्या एकानं मान वर न करता मला विचारलं, “बगळ्या हल्ली दिसत नाही?”

मी म्हटलं, “परवा होता.”

“हो का? मग परवाचा अंक काढायला हवा.”

एवढंच. आडनाव कुठलं, मूळ गाव कुठलं, अमक्यांचे तुम्ही कोण, काही नाही. रत्नागिरीत दोन अनोळखी माणसं आडनाव न विचारता बोलली, ही केवढी गोष्ट आहे, ते रत्नागिरीकरांना सांगायला नको.

बँकेत लागलो तेव्हा हीच मंडळी मला काउंटरच्या आतल्या बाजूला भेटली. पावणेदहाला कॅश उघडण्यापूर्वी हेड कॅशियर नोटांची बंडलं फोडायच्या ब्लेडनं चिंटू कापून घेत. संगणक आल्यावर कोरी राहिलेली लेजरं रद्दीत निघाली, त्यातलं एक त्यांनी पैसे मोजून घेतलं होतं. त्यात डिंकानं चिंटू चिकटायचा, खाली तारीख आणि आद्याक्षरं. मग चर्चा. क्लिअरिंगच्या मॅडम मिनीच्या बाजूच्या. अभ्यास करणाऱ्या मुलीला ह्या चित्रमालेत न्याय मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी पप्पूचा. शिपाईमामा कुणाचेच नव्हते. ते झाडता झाडता वाकून बघत आणि निकाल देत, “आज काय नाय त्यात.”

हा निकाल बऱ्याच वेळा बरोबर असे, हे समीक्षक म्हणून मला मान्य केलं पाहिजे. आठवड्यात दोन चिंटू फक्कड असत, दोन-तीन बरे आणि राहिलेले नुसतेच वेळेवर हजर. पण गंमत अशी, की फक्कड चिंटूवर आम्ही हसायचो आणि आपापल्या टेबलाकडे जायचो. फसलेला आला, की गाडी थांबायची. “ह्यात विनोद आहे कुठे?” ह्यावर मतं पडायची, मॅडम तो दुरुस्त करून दाखवायच्या, मी मॅडमना दुरुस्त करायचो. पहिलं टोकन घेतलेला खातेदार खिडकीशी खोकेपर्यंत हे चालायचं. एखाद्या दिवशी खातेदारही मत देई.

कॅशियर निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. मांडवीकडे त्यांचं घर आहे. दोन वर्षांपूर्वी कळलं, की काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली. उजेड-अंधार आणि माणसाचा आकार, इतपतच दिसतं. मी भेटायला गेलो तर त्यांनी लेजर पुढे ढकललं. “हे वाच. काकूला वाचता येत नाही. म्हणजे वाचता येतं, पण ती सगळं एका सुरात वाचते, सत्यनारायणाच्या पोथीसारखं.” तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी चिंटू वाचायला जातो.

चिंटू तोंडी सांगून बघा एकदा. मला वाटलं, फुग्यांत लिहिलंय ते वाचलं की झालं. पहिल्याच दिवशी त्यांनी थांबवलं.

“हे संवाद झाले. आई कुठे उभी आहे?”

“ओट्यापाशी.”

“तोंड कुणीकडे?”

“ओट्याकडेच.”

“म्हणजे तिनं अजून वळून बघितलेलं नाही. हां, आता वाच.”

परत वाचलं, आणि तोच चिंटू निराळा लागला. आता मी आधी जागा सांगतो: कोण कुठे, कुणाचं तोंड कुणीकडे, मग बोलणं. शि. द. फडणीसांच्या ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर चित्रांना शब्द लागत नसत. पंडितांची रेषा त्या तालमीतली आहे असं मी म्हणणार नाही. ती साधी आहे, रोजच्या वापराची, लागेल तेवढंच सामान मांडणारी. पण चिंटूतली गंमत पुष्कळदा बोलण्यात नसतेच. बोलणं झाल्यावर तो कुणाकडे बघतो, त्यात असते. इतकी वर्षं मी ती डोळ्यांनी वाचली आणि ही गोष्ट पाहिली नव्हती.

आता गुन्ह्याची हकीकत.

लेजरात काही जागा कोऱ्या आहेत. घाट बंद, पेपर गहाळ, कॅशियर रजेवर. कारण काही असो, चिंटू मिळाला नाही तर त्या तारखेचा चौकोन मोकळा ठेवायचा, ही त्यांची शिस्त. वाचताना मी “कोरं” म्हणतो आणि पुढे जातो. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी गेलो तर काकूंनी मला दारातच गाठलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी राखायची. कॅशियर आत खुर्चीत बसले होते. मी वाचत होतो, पण ते “तोंड कुणीकडे?” विचारत नव्हते. तेवढ्यात जुलैतली एक कोरी जागा आली. माझ्या तोंडून “कोरं” निघालं नाही. मी वाचायला लागलो.

“चिंटू प्रगतिपुस्तक घेऊन उभा. पप्पा खुर्चीत, तोंड चिंटूकडे. पप्पा म्हणतात, ‘गणितात इतके कमी मार्क?’ चिंटू म्हणतो, ‘पप्पा, रुपयाची किंमत घसरली तर तुम्ही रुपयाला रागावता का?’ शेवटच्या चौकटीत पप्पा गप्प.”

आत काकू खळखळून हसल्या. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटला. कॅशियर हसले नाहीत. त्यांचा उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता. ही खूण मला ठाऊक होती. चाळीस वर्षं त्यांनी नोट डोळ्यांनी कमी आणि अंगठ्यानं जास्त तपासली. खऱ्या नोटेची छपाई किंचित उठून असते, ती बोटाला लागते. गर्दीच्या वेळी शंभर नोटांच्या बंडलात ते मध्येच थांबायचे आणि एक नोट बाजूला काढायचे, वर न बघता.

“खोटी आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“हा चिंटू नव्हे. हे तू बोललास. रुपयाची किंमत घसरते हे चिंटूला कुठे माहीत? दोन रुपयांत काय येतं, तेवढं त्याला माहीत. आणि पप्पा गप्प कशानं झाले? त्याच्या घरात कोणी कोणाला गप्प करत नाही.”

वाचकहो, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बनावट नोट परत द्यायची नसते. तिच्यावर शिक्का मारून जप्त करायची आणि आणणाऱ्याला पावती द्यायची. मला पावती मिळाली नाही, बाकी सगळं नियमानुसार झालं.

पण घरी येताना विचार करत राहिलो. माझा विनोद वाईट होता का? नव्हता. तो दुसऱ्या काउंटरचा होता. बिल वॉटरसनच्या ‘कॅल्विन अँड हॉब्ज’मध्ये तो सहज खपला असता. तिथला सहा वर्षांचा पोरगा १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं तत्त्वज्ञाच्या तोंडचं बोलला आणि जगानं त्याला डोक्यावर घेतलं. मीही घेतलं. शुल्झच्या ‘पीनट्स’मधली पोरं तर १९५० पासून २००० पर्यंत मोठ्या माणसांची दुःखं घेऊन वावरली. एकूण १७,८९७ पट्ट्या, सगळ्या एकट्या शुल्झच्या हातच्या. (हा आकडा मला फार आवडतो, इतकी व्हाउचरं एका सहीची मी पाहिलेली नाहीत.) ह्या सगळ्यांपुढे आपला चिंटू बुद्धीनं सामान्य. त्याला एका शाळकरी पोराला सुचेल तेवढंच सुचतं. लेखक-चित्रकारांना पुण्यात बसून ह्याहून हुशार वाक्यं सुचत नसतील काय? सुचत असणारच. रोज सुचलेलं चटकदार वाक्य ते चिंटूच्या तोंडी घालत नसत. शिपाईमामा ज्याला “काय नाय त्यात” म्हणायचे, ते नसणं फार कष्टानं राखलेलं असावं, असं मला आता वाटतं. अर्थात सगळेच फसलेले चिंटू ह्या खाती जमा करता येणार नाहीत. काही खरोखरच फसलेले आहेत. मॅडमच्या दुरुस्त्या त्याहून बऱ्या होत्या.

पुढच्या रविवारी गेलो तर कॅशियरांनी आधी तेच पान काढायला लावलं.

“भरलंस का तिथं काही?”

“नाही. कोरंच आहे.”

“बरं केलंस. कॅश शॉर्ट आली तर मी खिशातून भरली. खोटी नोट घालून कधी टॅली केली नाही. लिही तिथं, ‘शॉर्ट, एक’. आज तारीख काय?”

मी पेन्सिलीनं लिहिलं. त्यांनी पेन मागितलं, मी त्यांचं बोट धरून चौकोनाच्या कडेवर टेकवलं. सही तशीच, जोरकस, शेवटच्या अक्षराला लांब फराटा. तो फराटा रेघ ओलांडून शेजारच्या चिंटूवर गेला, थेट सोनूच्या डोक्यावरून.

“लागली का कुठे?”

“नाही.”

“लागली,” ते म्हणाले. “तुला उत्तर द्यायला वेळ लागला. कोणाला लागली?”

“सोनूला.”

“चालेल. तो लहान आहे. वाच पुढचा. आई कुठे आहे?”